झांझिबारला जायचे तर

मे महिन्यात झांझिबारला जाऊ नये. हे वाक्य मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ते मी पदरमोड करून शिकलो आहे. महाविद्यालयात वर्षानुवर्षे मोसमी वाऱ्यांवर व्याख्याने देणारा मनुष्य मी; फळ्यावर वाऱ्यांचे बाण काढून काढून खडूच्या पेट्या संपविल्या. पण स्वतःची सहल ठरविताना मात्र 'सुट्टी मे महिन्यात, तेव्हा जायचे मे महिन्यात' एवढाच हिशेब केला. छायाचित्रात पांढरी वाळू होती, निळे पाणी होते, माडाची झाडे होती. पाऊस काही छायाचित्रात नव्हता. तो तिथे गेल्यावर भेटला, आणि चार दिवस त्याने मला ओसरीवर बसवून ठेवले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या यजमानाने पहिल्या दिवशी मला एकच शब्द शिकविला: 'मासिका'. मासिका म्हणजे तिथला मोठा पावसाळा. तो मार्चच्या मध्यावर लागतो आणि मे महिना सरेपर्यंत राहतो. पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेलो, तेव्हा कुठे बेट पाहिले असे म्हणता येईल.

हल्ली आपल्याकडे गावोगावचे शिक्षक, सेवानिवृत्त मंडळी, चार घरे मिळून परदेशाची सहल काढतात. झांझिबारचेही नाव त्यात ऐकू येते. खर्च थोडाथोडका नाही, वर्षभर बाजूला टाकलेले पैसे असतात. तेव्हा जायचे तर केव्हा जायचे, काय पाहायचे आणि कोणत्या नजरेने पाहायचे, एवढे बोलावे म्हणतो.

प्रथम बेट कुठे आहे ते पाहू. झांझिबार हे खरे म्हणजे एक बेट नव्हे, बेटांचा पुंजका आहे. त्यात मोठी दोन, उंगुजा आणि पेंबा. प्रवासी ज्याला झांझिबार म्हणतात ते उंगुजा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर समुद्रात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला सहा अंशांवर ते आहे. लांबी सुमारे ८५ किलोमीटर. सकाळी एका टोकाहून निघालात तर दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोहोचाल. १९६४ पासून हा मुलूख टांझानिया देशाचा भाग आहे, मात्र त्याला स्वतःचा अध्यक्ष आणि स्वतःचे विधिमंडळ आहे. भाषा स्वाहिली आणि बहुतेक लोक मुसलमान. मुंबईहून विमानाने दार-एस-सलामला जाऊन पुढे आगबोटीने दोनेक तासांत बेट गाठता येते, किंवा नैरोबी अगर अदिस अबाबा या मार्गाने थेट बेटावर उतरता येते. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

आता वाऱ्याकडे वळू. या बेटाचे सारे आयुष्य दोन वाऱ्यांवर चालत आले आहे. डिसेंबर ते मार्च वारा ईशान्येकडून, म्हणजे अरबस्तान आणि हिंदुस्थान यांच्या बाजूने वाहतो. त्याला तिथे 'कास्काझी' म्हणतात. एप्रिलपासून तो उलटतो आणि दक्षिणेकडून वाहू लागतो, तो 'कुसी'. हा कुसी आपल्याला परका नाही बरे! दक्षिण गोलार्धातून निघालेला हा वारा आफ्रिकेचा किनारा धरून वर चढतो, विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, अरबी समुद्रावरून भरपूर बाष्प उचलतो आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात येऊन कोसळतो. आपण त्याला नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणतो. आपला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून ज्याची वाट पाहतो, त्याच वाऱ्याचा अलीकडचा तुकडा झांझिबारच्या माडांतून अगोदर गेलेला असतो. गंमत अशी की तिथे जून ते ऑक्टोबर हे दिवस कोरडे आणि गारव्याचे. आपल्याकडे झड लागलेली असते तेव्हा तिथे आभाळ स्वच्छ असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत लहान पावसाळा येतो. त्याला 'वुली' म्हणतात. त्याच्या सरी येतात आणि जातात, मासिकासारखे तो माणसाला कोंडून ठेवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ऊन कडक आणि घामाच्या धारा.

याचा आपल्या सुट्ट्यांशी मेळ घाला. उन्हाळी सुट्टी बाद झाली. नाताळच्या दिवसांत जगभरचे लोक तिथे लोटतात आणि सारेच महाग होते. ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, पण गणपती सोडून कोकणातला माणूस झांझिबारला जाईल असे मला वाटत नाही. उरली दिवाळीची सुट्टी. ती ऑक्टोबरच्या अखेरीला आली तर फारच छान. नोव्हेंबरात आली तरी छत्री घेऊन जावे. ज्यांना शाळेची घंटा नाही अशा सेवानिवृत्तांनी मात्र खुशाल जुलैत निघावे. त्याच महिन्यात दक्षिण टोकाच्या मकुंदुची गावी 'म्वाका कोग्वा' हा जुन्या नववर्षाचा सण असतो. त्या दिवशी गावातले पुरुष केळीच्या सोपट्यांनी एकमेकांना झोडपून वर्षभराचे रुसवेफुगवे काढून टाकतात. आपल्याकडच्या शिमग्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आणखी एक पाहावे, रमजानचा महिना त्या वर्षी कधी येतो ते. त्या महिन्यात दिवसा खाणावळी बंद असतात, आणि रस्त्यात उघड्यावर खाणेपिणे यजमानांच्या घरी बरे दिसत नाही.

या दोन वाऱ्यांवरच अरबांची आणि कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांची गलबते शेकडो वर्षे ये-जा करीत. कास्काझीवर यायचे, कापड, मणी, धान्य विकायचे, हस्तिदंत, लवंग, खोबरे भरायचे आणि कुसी वाहू लागला की परत फिरायचे. मध्ये काही महिने वाऱ्याची वाट पाहत बेटावर मुक्काम. अशा मुक्कामांतूनच तिथे पेढ्या निघाल्या, घरे झाली, मिश्र वस्ती झाली, आणि आफ्रिकेच्या बांटू भाषेत अरबीची भर पडून स्वाहिलीचे आजचे रूप घडले. पुढे आपल्याकडचेही शब्द त्यात गेले. पैशाला ते 'पेसा' म्हणतात, गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', हुंडीला 'हुंडी', विम्याला 'बिमा', आंब्याला 'एंबे', कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'कचुंबारी' आणि पोळीला 'चपाती'. शब्दांची ही यादी वाचली तरी कोण तिथे गेले आणि कशासाठी गेले ते कळते. बहुतेक शब्द देण्याघेण्याचे आहेत आणि उरलेले जेवणाचे. विम्याचे नाव निघालेच आहे तर सांगतो: १ ऑक्टोबर २०२४ पासून बेटावर येणाऱ्या परदेशी प्रवाशाला तिथल्या सरकारी मंडळाचा विमा उतरविणे सक्तीचे केले आहे, आपल्याकडे काढलेला प्रवासविमा त्या जागी चालत नाही.

वाऱ्याचे हे गणित किती काटेकोर असे याचे एक उदाहरण देतो. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याला १८६४ साली आपली लहानशी आगबोट विकायची होती. ३० एप्रिलला त्याने ती झांझिबारहून हाकारली आणि मोठा पावसाळा अंगावर येण्याआधी मुंबई गाठायची म्हणून अडीच हजार मैलांचा समुद्र बहुतेक शिडांच्याच बळावर कापला. १३ जूनला तो मुंबई बंदरात शिरला. त्याच्याबरोबर बोटीवर चुमा नावाचा एक आफ्रिकी मुलगा होता. त्याला त्याने मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत घातले. या चुमाची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

बेटावर उतरल्यावर बहुतेक सहली तडक समुद्रकिनाऱ्याला नेतात आणि शेवटच्या दिवशी तासाभरात शहर 'उरकतात'. माझा सल्ला उलट आहे. पहिले तीन दिवस शहरात राहा. जुन्या शहराला 'म्जी म्कोंग्वे', म्हणजे जुने नगर, असे नाव आहे; इंग्रजी नावाने ते स्टोन टाऊन म्हणून ओळखले जाते. २००० साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. घरे पोवळ्याच्या दगडाची आणि चुन्याची, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर आपण भिंतीला टेकावे. वाट चुकणार हे धरूनच चालावे. कुठल्याही गल्लीने चालत राहिले की केव्हातरी समुद्र लागतो.

चालताना दारे बघा. या शहराचा खरा इतिहास दारांवर कोरला आहे. चौकटीचा माथा सरळ असेल तर ते दार अरबी धाटणीचे, कमानदार असेल तर गुजराती घडणीचे समजावे. दारांवर टोकदार पितळी खिळे दिसतात. ती रीत हिंदुस्थानातली. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांना हत्तीची धडक बसू नये म्हणून असे अणकुचीदार खिळे असत ते तुम्ही पाहिले असतील. तिथे हत्ती दार फोडायला येणार नव्हता. तिथे हत्तीचे नुसते दात येत. पण घराण्याचा डौल म्हणून खिळे राहिले. समुद्रकाठी सुलतान बर्घश याने १८८३ साली बांधलेला 'बेत-अल-अजायब', म्हणजे नवलाचा महाल, आहे. २५ डिसेंबर २०२० रोजी दुरुस्ती चालू असतानाच त्याचा मोठा भाग कोसळला. जुन्या पुस्तकांतली वर्णने वाचून मनोरा शोधू नका. त्याच रस्त्याने थोडे उत्तरेला गेले की लाकडी कोरीव सज्जांची एक देखणी इमारत लागते, तो जुना दवाखाना. थारिया टोपन या कच्छी खोजा व्यापाऱ्याने व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो बांधायला घेतला. संध्याकाळी फोरोधानी बागेत खाण्याच्या गाड्या लागतात. शाकाहारी माणसाने घाबरू नये. नारळाच्या दुधातला भात आहे, नारळाच्या दुधातलाच घेवडा आहे, चपाती आहे. 'उरोजो' नावाचे आंबट पिवळे कढण मिळते. त्यात बटाटा, भजी, चटणी असे आपल्या ओळखीचे सारे पोहत असते. मात्र मांसाचा तुकडा घालू नका असे अगोदर सांगावे.

एवढे पाहिले की सकाळच्या वेळी म्कुनाझिनी भागातल्या मोठ्या इंग्रजी चर्चमध्ये जा. तिथे घाई करू नका. ज्या जागी हे चर्च उभे आहे तिथे गुलामांचा बाजार भरत असे. आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून माणसे साखळदंडांनी जखडून किनाऱ्यावर आणीत, पडावांतून बेटावर उतरवीत आणि इथे ओळीने बसवून विकीत. ५ जून १८७३ रोजी सुलतान बर्घशने ब्रिटिशांशी तह केला आणि बाजार बंद झाला. हा तह घडवून आणण्यासाठी त्या वर्षी जो इंग्रज वकील आला होता तो सर बार्टल फ्रिअर, मुंबईचा पूर्वीचा गव्हर्नर. मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्याच्या कारकिर्दीत पडल्या तोच. त्याच वर्षीच्या नाताळात चर्चचा पाया घातला गेला. आत एक लाकडी क्रूस आहे. लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्यात चितांबो या गावी वारला, तेव्हा त्याचे काळीज ज्या झाडाखाली पुरले त्या झाडाच्या लाकडाचा तो केला आहे. देह मात्र त्याच्या माणसांनी सुकवून, कापडात गुंडाळून, कित्येक महिने पायी चालत समुद्रापर्यंत आणला. त्या माणसांचा एक पुढारी होता मघाचा चुमा. दफनाच्या वेळी प्रार्थना म्हणणारा आणि पुढे लंडनपर्यंत शवपेटीबरोबर जाणारा तरुण होता जेकब वेनराइट. गुलामीतून सुटलेला हा मुलगा आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन-शाळेत शिकलेला होता. नाशिकच्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. चर्चच्या बाहेर जमिनीतल्या खड्ड्यात गळ्यात साखळ्या घातलेले दगडी पुतळे आहेत. शेजारच्या इमारतीखाली दोन अंधाऱ्या खोल्या गुलामांच्या कोठड्या म्हणून दाखवितात. त्या खरोखर तशा वापरल्या जात की नाही याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण खोल्यांविषयी शंका असली तरी बाजाराविषयी नाही.

आता थोडे कडू बोलायचे आहे. त्या अंगणात उभे राहिले की आपल्या मनात येते, हे पाप अरबांचे, हे पाप गोऱ्यांचे. आपण नुसते पाहुणे. तसे नाही. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने १८४० च्या सुमारास आपली राजधानीच मस्कतहून झांझिबारला हलविली आणि लवंगेच्या बागा वाढविल्या. त्या बागा गुलामांच्या श्रमांवर उभ्या राहिल्या. आणि बागा लावायला, काफिले आत पाठवायला लागणारे भांडवल कोणाचे? पुष्कळसे आपल्या सावकारांचे. मुंद्रा बंदरच्या भाटिया जयराम शिवजी यांच्या पेढीकडे कित्येक दशके बेटाच्या जकातीचा मक्ता होता. बागा गहाण पडत त्या हिंदी पेढ्यांकडे, आणि या पेढ्यांचे धागे कच्छप्रमाणे मुंबईतही गुंतलेले होते. इतकेच नव्हे तर हिंदी लोकांच्या घरीही गुलाम होते. १८६० च्या सुमारास रिग्बी नावाच्या ब्रिटिश वकिलाने असे हजारो गुलाम सोडवायला लावले. चोपडीत लवंग एका ओळीत आणि हस्तिदंत दुसऱ्या ओळीत लिहिणाऱ्या माणसाला ते कोणाच्या खांद्यावरून आले हे ठाऊक नसेल असे मानता येत नाही. मी हे कुणाला लाजविण्यासाठी सांगत नाही. त्याच समाजाने तिथे दवाखाने बांधले, शाळा काढल्या, हेही खरे. पण कोरीव कमानीपुढे उभे राहून 'ही आपल्या लोकांची कला' असे अभिमानाने म्हणायचे असेल, तर दोन गल्ल्या पलीकडच्या त्या अंगणातही 'यात आपला हात होता' असे म्हणता आले पाहिजे. सहलीबरोबर मुले असतील तर त्यांनाही हे दोन्ही सांगावे. मुलांना ते कळते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९० साली ब्रिटिशांचे संरक्षण आले, १८९७ साली गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली, १० डिसेंबर १९६३ रोजी स्वातंत्र्य मिळाले आणि महिनाभरातच, १२ जानेवारी १९६४ रोजी, क्रांती झाली. तीत पुष्कळ अरब आणि हिंदी लोक मारले गेले आणि हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. त्यांतच एक पारशी कुटुंब होते. त्यांचा मुलगा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. पुढे इंग्लंडात तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला. मार्गदर्शक त्याच्या जन्मघराकडे तुम्हाला नेतीलच. मी मात्र गाण्याच्या संदर्भात दुसरेच नाव लक्षात ठेवा म्हणेन: सिती बिंती साद. फुंबा या खेड्यात गुलामांच्या वंशात जन्मलेली ही बाई शहरात मडकी विकायला येई. सुलतानाच्या दरबारात अरबी भाषेत होणारे 'ताराब' गायन तिने स्वाहिलीत आणले, आणि बाजारातल्या बायकांची सुखदुःखे, न्यायाधीशांचे अन्याय त्यात गाइले. १९२८ साली ग्रामोफोन कंपनीने तिला ध्वनिमुद्रणासाठी कुठे नेले असेल? मुंबईला! पूर्व आफ्रिकेतल्या ज्या गायिकेचा आवाज प्रथम तबकडीवर उमटला, तो आपल्या मुंबईत. पुढे ताराबमध्ये आपल्याकडच्या बोलपटांच्या चालीही शिरल्या. संध्याकाळी कुठे ताराबची तालीम चालू असेल तर दाराशी उभे राहून ऐका. व्हायोलिन, कानून आणि ढोलक यांच्या मेळात एखादी चाल ओळखीची निघेल.

दाराशी उभे राहण्याचीही रीत आहे. कुणाच्या घरात शिरण्याआधी 'होडी!' अशी हाक द्यायची. आपल्याला वाटेल हा समुद्र ओलांडायला होडी मागतो आहे. पण तिथे तिचा अर्थ 'येऊ का आत?' असा. आतून 'करिबू', म्हणजे या, असे उत्तर आले तरच उंबरा ओलांडावा. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणावे. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. ते 'माराहाबा' म्हणून स्वीकार करतात. पाया पडण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे सोपे जाईल. गावातून फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पोहण्याचा पोशाख किनाऱ्यापुरता. बायकांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्या अंगावरचा 'कांगा' मात्र निरखून पाहण्यासारखा असतो. त्या जोडकापडावर खालच्या बाजूला एक म्हण छापलेली असते, आणि शेजारणीला जे तोंडाने सांगता येत नाही ते ही म्हण सांगते. विकत घेताना अर्थ विचारून घ्या. पुष्कळ कांगे हिंदुस्थानातच छापून तिकडे जातात, तेव्हा ते तिथून आणण्यात काय विशेष, असे कुणी म्हणेल. पण म्हण निवडली ती तिथल्या बाईने.

आता समुद्र. इथेही सहलीवाल्यांचे पत्रक एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे भरती-ओहोटी. पूर्व किनाऱ्याला पाजे, जांबियानी या गावांपुढे दूरवर पोवळ्याचा बांध आहे आणि आत उथळ पाणी. ओहोटीला हे पाणी इतके मागे जाते की किलोमीटरभर नुसती ओली वाळू आणि डबकी. हौसेने पोहायला आलेला माणूस हात हलवीत उभा राहतो. उत्तर टोकाला नुंग्वी आणि केंद्वा इथे समुद्र लवकर खोल होतो, म्हणून कोणत्याही वेळी पोहता येते. पण गर्दीही तिथेच. मला विचाराल तर पूर्व किनारा, मात्र पंचांग पाहून.

पंचांग मी थट्टेने म्हणत नाही. आपल्या कोकणातले दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. झांझिबारला हाच हिशेब करा आणि त्यात चार मिळवा. म्हणजे अमावास्येला नि पौर्णिमेला भरती चारच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. आणि खोल ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. अष्टमीला उलट, दहाला भरती. हा हिशेब अदमासाचा, अर्धापाऊण तास इकडेतिकडे. नेमकी वेळ तिथल्या कोळ्याला विचारावी. उधाणाला ते 'बाम्वुआ' म्हणतात आणि भांगाच्या भरतीला 'माजी माफू', म्हणजे मेलेले पाणी. उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढते-उतरते, भांगाला मीटरभर. आता दिवाळीची सुट्टी घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे त्या सकाळी समुद्र गेलेला. भाऊबीज घरी करून निघावे, तीन दिवस शहरात काढावेत आणि षष्ठी-सप्तमीला किनाऱ्यावर जावे. सकाळी नऊ-दहाला पाणी दारात येईल.

तरीही एक दिवस मुद्दाम ओहोटीसाठी ठेवा. पाणी गेले की बायका गुडघाभर पाण्यात उतरतात. वाळूत खुंट्या ठोकून त्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात आणि दोऱ्यांना समुद्रशेवाळाचे तुरे. ही शेवाळाची शेती तिथे १९८९ च्या सुमारास सुरू झाली. त्यापासून निघणारा चिकट पदार्थ दंतमंजनात, आइस्क्रीममध्ये दाटपणासाठी घालतात. पुरुषांनी भाव पाहून काढता पाय घेतला, बायका राहिल्या, आणि पुष्कळ घरांत प्रथमच बाईच्या हातात तिच्या स्वतःच्या कमाईचे पैसे आले. आता समुद्राचे पाणी तापते आहे, त्यामुळे अधिक किमतीची जात तग धरीत नाही आणि त्यांना खोल पाण्याकडे सरकावे लागते. त्यांच्या दोऱ्यांवर पाय देऊ नका. बांधापर्यंत चालत जायचे तर पायांत रबरी जोडे हवेतच; खडकांतून काटेरी गोळ्यासारखे प्राणी बसलेले असतात, त्यांचा काटा पायात मोडला की सहल संपली. प्लॅस्टिकच्या पिशव्या बेटावर नेण्यास बंदी आहे; सामान कापडी पिशव्यांत बांधा. मच्छरदाणीत झोपा, आणि हिवतापाच्या गोळ्या व पीतज्वराची लस यांबद्दल निघण्यापूर्वी महिनाभर डॉक्टरांना विचारून ठेवा.

शेवटी घड्याळाचे एक. स्वाहिली माणसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला होतो. आपल्या जुन्या घटिकांसारखेच. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने सहाच्या सुमारास उगवतो, म्हणून आपले सात म्हणजे त्यांचा 'एक', आपले नऊ म्हणजे त्यांचे 'तीन'. मी एका होडीवाल्याशी पोवळ्याच्या बांधापर्यंत जायचे ठरविले. तो म्हणाला, 'सा न्ने', चार वाजता. मी जेवून, झोप काढून बरोबर चार वाजता किनाऱ्यावर हजर. अष्टमीचा दिवस होता. त्याचे 'चार' सकाळी दहालाच भरतीबरोबर येऊन गेले होते. होडी वाळूत कलंडून पडली होती, आणि तिच्या सावलीत तो जाळे विणीत बसला होता. मी 'शिकामू' म्हटले, त्याने हसून 'माराहाबा' म्हटले, आणि दुसऱ्या दिवसाची वेळ या खेपेला वाळूत काठीने सूर्य काढून दाखविली.